इब्राहीमभाईंचा ऑक्टोबर

इंदुरीच्या रानात बटाट्यासाठी नांगरट चालू होती. शीतगृहातला वायरमन गणपत तळेगावला गाडीतून उतरून भाड्याच्या सायकलीवर आला आणि बांधावरच उभा राहिला. "रामभाऊ, भाई गेले. सकाळी चहा घेतला, पंप बघायला म्हणून उठले, आन् तितंच खाली बसले..." मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "प्लँट चालू आहे ना?" गणपतने माझ्याकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली. लोकांना हे ऐकून वाईट वाटलं, पण मला त्याची लाज वाटत नाही. मी गेलो असतो आणि निरोप इब्राहीमभाईंना पोचला असता, तर त्यांनीही आधी हेच विचारलं असतं.

इब्राहीमभाई मूळचे वडगावचे. वडिलांचा भुसारमालाचा व्यापार होता. हा मुलगा मात्र मुंबईत यंत्रविद्येची पदविका घेऊन एका बर्फाच्या कारखान्यात लागला आणि तिथे इंजिनियर झाला. आम्ही मावळातल्या बागायतदारांनी संघ काढून लोणावळ्याला शीतगृह बांधायचं ठरवलं, तेव्हा ते ती नोकरी सोडून आले. आमची अडचण साधी होती. फाल्गुनात बटाटा निघतो आणि लागण दसऱ्यानंतर. मधले महिने बेणं टिकवायचं कुठे? घरात आढ्याखाली पसरलेलं निम्मं बेणं उन्हाळ्यातच सुकायचं, उरलेलं पावसात सडायचं. लोणावळ्याला वीज होती, रेल्वे होती, हवा थंड होती. तुंगार्लीच्या रस्त्याला जागा मिळाली आणि यंत्रं निवडण्याचं काम आम्ही सगळ्यांनी डोळे मिटून भाईंवर सोपवलं.

शीतगृह म्हणजे खोलीत थंडी भरणं नव्हे, हे मला त्यांनीच शिकवलं. खोलीतली उष्णता काढून बाहेर टाकायची असते. ती टाकण्यासाठी, खोलीतली उष्णता वाहून आणणाऱ्या अमोनिया वायूच्या तापलेल्या नळ्यांवर पाणी सोडतात. त्यातलं थोडं वाफ होऊन उडतं आणि उरलेलं गार होतं. "माठच आहे हा, रामभाऊ," ते म्हणायचे. "हवा कोरडी असली, वारा असला, की माठ गार. नाहीतर कोमट पाणी प्यायचं." भाईंनी पहिल्या वर्षी उघड्या नळ्यांची चौकट निवडली. तिला पंखा नाही, फार सुटे भाग नाहीत, घाटाचा वारा येऊन पाणी गार करणार. निवड अडाणीपणाची नव्हती. वैशाखात ती छान चालली आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. पण पाऊस सरला, वारा पडला, रानातून ओलसर वाफ उठायला लागली आणि वर ऊन तापलं. नळ्यांवरचं पाणी गार होईना. नळ्यांतल्या वायूच्या दाबाचा काटा चढत जायचा, यंत्र बंद करावं लागायचं आणि खोली तापायची. लागणीला काही आठवडे उरले असताना बेण्याला लांब पांढरे कोंब आले आणि पोती खालून ओली झाली.

संघाची सभा भरली तेव्हा कुणी विजेला दोष देत होतं, कुणी पावसाला. भाई उठले. "निवड माझी होती आणि ती चुकली. मी वारा धरून चाललो आणि वारा नसलेले दिवस मोजलेच नाहीत." एवढं बोलून ते थांबले नाहीत. ज्यांचं बेणं गेलं त्यांच्या दारात ते स्वतः गेले. इंदुरीला मी बरोबर होतो. काशीमावशी एकटी बाई, नवरा देहूरोडच्या डेपोत कामाला असताना वारलेला. तिने त्यांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि मग म्हणाली, "बेणं गेलं म्हंजी माजं साल गेलं. तुमी सांगाया आला त्ये बरं केलं. पर पुन्यांदा ठेवीन का, त्ये इचारू नगा." भाई म्हणाले, "विचारायला आलोच नाही, मावशी. आधी नीट करतो." परतताना नदीच्या पुलावर आल्यावर ते म्हणाले, "आता एक वर्षभर मी फक्त हवा बघणार."

आणि खरंच बघितली. साधा तापमापक आणि पाऱ्याच्या फुग्यावर ओलं फडकं गुंडाळलेला दुसरा, असे दोन शेजारी टांगायचे. ओल्या फडक्यातला पारा जिथवर उतरेल, त्याच्या खाली आपलं पाणी कधीच गार होणार नाही, हे त्यांचं गणित. शीतगृहाच्या गच्चीवर, मागच्या ओढ्याकाठी, तुंगार्लीच्या तळ्याजवळ ते छत्री घेऊन फिरायचे. बंगल्यांतली मंडळी त्यांना हवामान खात्याचे साहेब समजायची. अंगात ताप असतानाही फेरी चुकली नाही. त्यांच्या पत्नी, जुबेदाभाभी, माझ्यापाशी कुरकुरल्या, "स्वतःच्या अंगात ताप आहे हे यांना कळत नाही, आणि हवेचा ताप मोजत फिरतात." भाईंनी ऐकलं, हसले आणि बूट चढवले.

खरी लढाई पुढे होती. मुंबईचा एक विक्रेता संघाच्या संचालक मंडळापुढे आला. आहे तीच चौकट, दुप्पट मोठी, त्याच्याकडे तयार होती. लगेच बसवून देतो म्हणाला. मंडळातले बहुतेक जण तयार झाले, मीही. वर्षभर रिकामं पडलेलं शीतगृह येता-जाता दिसत होतं. भाईंनी त्याला विचारलं, "तुमचे हे आकडे कुठल्या हवेतले?"

"आमचा माल देशभर चालतो, साहेब."

"देशभराचा बटाटा मला ठेवायचा नाही. लोणावळ्याचा, ऑक्टोबरातला, वारा पडलेल्या दुपारचा आकडा सांगा."

त्याच्याकडे तो नव्हता. आमचे अध्यक्ष वैतागले. "भाई, पण मोठी आहे ना? चालेल की."

"वारा नसेल तर मोठी चौकट काय करील? तीच चूक मोठी करून घ्यायची का?" ते शांतपणे म्हणाले. "मला वारा स्वतःचा पाहिजे. पंखा पाहिजे. तो मिळेपर्यंत मी सही करणार नाही. घाई असेल तर दुसरा माणूस बघा. मी राग मानणार नाही." दुसरा माणूस कुणी बघितला नाही.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि पंखा विकत मिळणं मुश्कील होतं. लष्कराच्या डेपोतल्या जुन्या मालाचा लिलाव लागला तेव्हा भाई सकाळपासून लोखंडाच्या ढिगाऱ्यात उभे होते. एक भला मोठा पंखा त्यांनी हाताने फिरवून, कान लावून ऐकला आणि तोच उचलला. मग सागवानी फळ्यांचा मनोरा उभा राहिला. वरून पाणी फळ्याफळ्यांवर आपटत, फुटत खाली यायचं आणि पंखा खालून हवा वर ओढायचा. अध्यक्षांना वाटलं, आता पोती भरायची. भाईंनी तेही थांबवलं. "या ऑक्टोबरात फक्त मी माझ्या पैशाने घेतलेला माल राहील. लोकांचा नाही." मी हट्टाने माझीही पोती टाकली. त्यावर ते एवढंच म्हणाले, "मग दोघं मिळून बुडू."

ती दुपार मला लख्ख आठवते. झाडाचं पान हलत नव्हतं. ओढ्यावरची हवा अंगाला चिकटत होती. आम्ही दोघं यंत्रघरात काट्यासमोर स्टुलांवर बसलो. काटा चढला... आणखी चढला... गेल्या खेपेला यंत्र बंद केलं होतं, त्या खुणेच्या जवळ आला. माझा हात आपोआप बटणाकडे गेला. भाईंनी तो धरला. "थांबा. पंख्यावर भरवसा ठेवा." काटा तिथेच अडला. चहा आला, गार झाला, तरी तिथेच. भाईंनी माझा हात सोडला आणि बाहेर जाऊन मनोऱ्याखाली पडणाऱ्या पाण्यात डोकं घातलं. परतले तेव्हा दाढीतून पाणी ठिबकत होतं. ते सगळं पाणी मनोऱ्याचं होतं असं मी म्हणणार नाही.

पुढच्या फाल्गुनात कोण माल आणेल याची आम्हाला धास्ती होती. पहिली बैलगाडी वडगावची आली, मग तळेगावच्या दोन, मग इंदुरीची... काशीमावशी गाडीतून उतरली आणि भाईंना म्हणाली, "निम्मंच आनलंय. निम्मं घरी ठिवलंय." भाई म्हणाले, "बरोबर केलंत. मीही असाच वागलो असतो." त्यापुढच्या वर्षी तिने सगळं आणलं.

शीतगृह उघडण्याचा दिवस भाईंशिवाय कसा पार पडेल, याची मला गेले काही आठवडे काळजी होती. त्यांची एक रीत होती. पहिलं पोतं संघाच्या माणसाने फोडायचं नाही. ज्याचा माल त्याने मधला बटाटा काढायचा, कापायचा आणि काय ते बोलायचं. तोवर भाई पाठ करून मनोऱ्याकडे तोंड करून उभे राहत. बघत नसत. "माझं तोंड बघून कुणी गोड बोलायला नको," म्हणायचे.

परवा दार उघडलं. हवा तशीच चिकट, वारा पडलेला, पंखा घुमत होता. यंदा मान काशीमावशीचा होता. तिने बटाटा काढला, कापला, दोन्ही फाका उजेडात धरल्या. आतून स्वच्छ, घट्ट, पिवळसर. आम्ही सगळे समोर उभे होतो, पण ती आमच्याशी बोलली नाही. मनोऱ्याजवळच्या त्या मोकळ्या जागेकडे बघून मोठ्यानं म्हणाली, "चांगलं निगालं, भाई. वळा आता."

मग तिने पदराने सुरी पुसली आणि पुढच्या माणसाच्या हातात दिली.