धूळ उडू नये म्हणून

नव्वदच्या दशकातल्या त्या वर्षांत मी सांगलीच्या कॉलेजात उन्हापासून वीज काढणारं पॉलिमर बनवायच्या नादात होते. घरी माझं काम कुणालाच धड सांगता येत नसे. आई शेजारणीला सांगायची, "पोरगी प्लॅस्टिकच्या बादल्यांचं शिकती." खरं कुतूहल एकट्या दादाला. दादा विट्याकडच्या बऱ्याच पुरुषांसारखा गलाईवाला. दूर दक्षिणेतल्या एका शहरात सराफांचं जुनं सोनं आटवून, तेजाबात उकळून तो शुद्ध करून द्यायचा. मी एवढी शिकले ती त्याच्याच जिवावर.

माझं काम म्हणजे पॉलिमरच्या लांब साखळ्यांना बाजूने छोट्या शेपट्या जोडणं. शेपटी आखूड ठेवली तर पदार्थ कशात विरघळेना, लांब केली तर वीज आतल्या आत अडकायची. मेळ बसला की काचेवर त्याचा जांभळट, पातळ थर द्यायचा. वीज उचलायला एका अंगाला ॲल्युमिनियम, दुसऱ्या अंगाला सोनं. नमनालाच घडाभर तेल, आणि वीज निघायची नावापुरती! त्यात हवा लागली की थर कडेने फिका पडत जाई. म्हणून सगळं नायट्रोजन भरलेल्या काचेच्या पेटीत. आमचे सर सातारचे, बोलणं तिरकस. म्हणायचे, "बाई, ही तर बाळंतिणीची खोली झाली. वारं लागता कामा नये."

सोन्याची तार दादाने आणून दिली. गावच्या जत्रेला येताना तो मिरजेला उतरला आणि थेट प्रयोगशाळेत आला. जिना चढून आला तो दारातल्या बाकावरच बसला. धाप लागली होती.

"म्हातारा झालास की रं, दादा," मी थट्टा केली.

तो हसला, आणि हसता हसता खोकत सुटला. पाणी द्यायला वाकले तर त्याच्या सदऱ्याचा वास आला. धातूवर नायट्रिक ॲसिड पडलं की तांबूस धूर उठतो, त्याचा तो वास. आमच्याकडे ती बाटली धूर ओढणाऱ्या पंख्याखालीच उघडायची, नाहीतर सर अंगावर धावून येत. धुतलेल्या सदऱ्यालाही तो वास येत होता.

"तुज्या दुकानात पंखा हाय का?"

"खुळी का काय? धूळ उडंल की. ती धूळ न्हाई, लोकाचं सोनं हाय. आमी खिडकीबी उघडत न्हाई. झाडलेला केर आटवला की त्यातनंबी सोनं निघतं."

मी चिडले. तो धूर फुप्फुसं आतून जाळतो, खोकला थांबला तरी जाळतच राहतो, हे घसा ताणून सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. तो आपला पेटीत डोकावत होता.

"ह्येला का कोंडलंयस?"

"हवा लागली की मरतंय."

"मग आमचंबी त्येच," म्हणाला, आणि स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन एसटी धरायला गेला.

नव्या शेपटीचं पॉलिमर आणि दादाचं सोनं, दोन्ही जुळून आलं. वीज वाढली, थरही टिकू लागला. सर पहिल्यांदाच सरळ बोलले, "छान." मला मात्र त्या आनंदात राहता येईना. रोज सकाळी थराची कड बघताना दादाचे फिके पडलेले ओठ आठवत. फोनवर बोलण्यापेक्षा त्याचा खोकलाच जास्त ऐकू येई. दुकान बंद कर म्हटलं की म्हणायचा, "दिवाळीपत्तूर थांब."

दिवाळीच्या आधीच वहिनी त्याला घेऊन आल्या. मिरजेच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला, आणि घरी न्या म्हणाले.

मी गावी पोचले तेव्हा भर दुपार होती. खोलीत कोंदटलं होतं. मी आधी खिडकी सताड उघडली. एवढं तरी माझ्या हातात होतं. वारा तोंडावर आला तसा ग्लानीतला दादा धडपडून उठू लागला. छाती भात्यासारखी हलत होती.

"खिडकी लाव," कसाबसा म्हणाला. "धूळ जाती... लोकाचं सोनं हाय."

"दादा, तू घरी हायस."

त्याला ते पटेना. हात खिडकीकडेच. उरलासुरला दम तो त्या खिडकीपायी घालवत होता. मला रडू फुटलं, त्याचा रागही आला.

मी खिडकी लावली. तेव्हा कुठे तो निवांत पडला.