वकिलांच्या सुनेचं फ्रेंच

नाशकात माझ्याइतकं चांगलं फ्रेंच कुणाला येत नव्हतं. म्हणजे दुसऱ्या कुणाला येत असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि मला येत होतं ते सगळं जनावरांशी बोलायचं.

मोठ्या लढाईत मी खेचरं सांभाळायला होतो. फ्रान्सात एका शेतकरणीच्या गोठ्यात आमची खेचरं बांधलेली. ती दिवसभर गाईला, कोंबड्यांना जे बोलायची तेवढं मी उचललं. माझ्याशी ती कधी बोलली नाय. घरी येऊन टांगा धरला आणि गिऱ्हाइकांपुढं फुशारक्या मारत बसलो. एकदा मागं एक वकील बसलेले. त्यांचा मुलगा पॅरिसला डॉक्टरकी शिकत होता. सुनेला त्याच्याकडं धाडायचं होतं, पण वकिलीणबाई अडून बसल्या होत्या, भाषा आल्याशिवाय पोरीला बोटीत बसू देणार नाय. वकील म्हणाले, "उद्यापासून घरी येत जा."

मला अक्षरओळख नाय. मग गोष्टच सांगायला लागलो. गाय सुटून शेतात शिरते, बाई तिला हाकलते, पाण्यावर नेते. काठी घेतली की मी बाई, काठी टाकली की गाय. आपल्याकडं गोष्टीला हुंकार लागतो, तो सुनेनं फ्रेंचमधे द्यायचा, "वी."

वकिलीणबाई दारातच तांदूळ निवडत बसायच्या. नजर ताटावर नाय, माझ्यावर. दुसऱ्याच दिवशी म्हणाल्या, "वी म्हणजे काय रे?"

"हो, बाईसाहेब."

"परका माणूस काय बोलतो ते मला कळत नाही, आणि ही हो हो करतेय. होकार कशाला देतेय?"

"गोष्ट पुढं चालू दे म्हणून, एवढंच."

"आणि तुझ्या गोष्टीतली बाई सारखी ओरडते का?"

मी काठी उचलून परत बाई झालो. त्यांना माझा संशय होता, तसा मलापण होता. त्या भाषेत माणूस माणसाला या-बसा कसं म्हणतो, ते मी ऐकलंच नव्हतं. पण सून अशी भराभर शिकत होती, की खरं सांगायला तोंड उघडेना.

महिन्याभरानं वकिलीणबाईंनी मिशनच्या दवाखान्यातली गोरी नर्स बोलावली. ती फ्रान्सातच वाढलेली. तिला बघितलं आणि मी खुंटीवरची टोपी काढून हातात धरली.

नर्सनं बरंच काय काय विचारलं. सून न अडखळता बोलली. मग नर्स म्हणाली, "आता मी पाहुणी. मला बसव, पाणी दे."

सून बोलली. नर्सनं तोंडाला रुमाल लावला.

"हिला समजतं, बोलतेही स्पष्ट," ती मराठीत म्हणाली. "फक्त मला म्हणाली, हल तिकडं. थांब. पी आता, पी."

सुनेचा चेहरा उतरला. ती सासूकडं बघत राहिली.

"रीतभात मी पंधरा दिवसांत शिकवते," नर्स म्हणाली. "जाऊ द्या तिला."

वकिलीणबाईंनी ताट बाजूला सारलं. "पेटी भरायला घे," असं सुनेला म्हणाल्या. मी हळूच पायरी उतरत होतो.

"आणि तू रे," त्या म्हणाल्या, "उद्यापासून मागच्या दारानं गोठ्यात येत जा. आमची म्हैस कुणाचं ऐकत नाही."