जावयाच्या शब्दावर केलेल्या सह्या

डॉक्टर माणसाला भीती वाटत नाही, असा सुदुंबऱ्यात एक समज आहे. रोज रक्त बघतात, मेलेली माणसं बघतात, यांना कसली आली भीती? रखमाजींची लेक डॉक्टर सारिका हा समज खोडायच्या भानगडीत कधी पडली नाही. पण खरं सांगायचं तर तिच्याएवढं भित्रं माणूस त्या गावात दुसरं नसेल. बारावीच्या निकालाच्या दिवशी ती गोठ्यात लपून बसली होती. एमडीच्या परीक्षेत ती इतकी घाबरली की पेशंटनेच तिला धीर दिला. भीत भीतच ती गावातली पहिली डॉक्टर झाली आणि भीत भीतच मेडिकल कॉलेजात सहायक प्राध्यापक झाली. नेमणूक अकरा महिन्यांची. दर वर्षी पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा तीच धाकधूक.

एका गोष्टीपुढे मात्र तिची भीती हरली होती. सहा वर्षांपूर्वी तिची आई, नंदाबाई, भातकापणीला माहेरी गेली ती ताप घेऊन परत आली. माहेर म्हणजे तुंगार्लीच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतली चाळीस-पन्नास घरांची वाडी. डेंग्यू असेल, कावीळ असेल, असं करता करता पाचव्या दिवशी नंदाबाई गेली. शेवटची अंघोळ घालताना सारिकाला आईच्या कमरेवर, लुगड्याच्या गाठीखाली, विडीचा चटका बसावा तसा काळा डाग दिसला. गवतातला बारीक किडा चावतो, त्याचा तो डाग. तापाचं नाव स्क्रब टायफस. औषध साध्या गोळ्यांचं, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं. डाग वेळेवर बघितला असता तर आई वाचली असती. बायका तो दाखवत नाहीत आणि घाईतला डॉक्टर बघत नाही. ती स्वतःही तेव्हा डॉक्टर होती. तिनेही बघितला नव्हता.

तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच होतं. कापणीच्या आधी आणि कापणीनंतर वाडीतल्या लोकांचं रक्त तपासायचं, किती जणांना हा ताप न कळत होऊन जातो ते मोजायचं आणि गावातल्याच बायकांना डाग ओळखायला शिकवायचं. पण वॉर्डातून सुटका होईल तेव्हा ना! शेवटी तिच्या वरिष्ठ, डॉ. जैनब तांबोळी, यांनी तिला तरुण वैद्यक-संशोधकांसाठीच्या एका योजनेचा अर्ज भरायला लावला. तीन वर्षं अर्धा आठवडा वॉर्डातून मोकळीक, तिच्या जागी बदली डॉक्टरचा पगार, तपासण्यांचा खर्च आणि मार्गदर्शक म्हणून स्वतः जैनब मॅडम. वयाची अट पस्तीस. सारिका चौतीसची होती. म्हणजे संधी एकदाच.

योजना मिळाली आणि भीती दुप्पट झाली. विभागप्रमुखांनी अभिनंदन केलं आणि त्याच दमात म्हणाले, "पहिल्या वर्षाचा आढावा नीट गेला नाही, तर तुमच्या पुढच्या नेमणुकीचाही विचार करावा लागेल हं." हसत म्हणाले. हसत म्हटलेलं जास्त लागतं.

काम अडलं ते पहिल्याच पायरीवर. अभ्यासात यायचं तर तीन पानांच्या संमतीपत्रावर सही हवी. आणि वाडीतली माणसं कागदावर सही करत नाहीत. अजिबात नाही. पंचवीस वर्षांपूर्वी एका दलालाने पाण्याची पाइपलाइन जाणार म्हणून घरोघर अंगठे घेतले होते. पाइप आलाच नाही, आली ती बंगल्यांची कंपाउंड भिंत. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. या वाडीने तर ताकच सोडलं होतं. नंदीची लेक म्हणून सारिकाला चहा मिळे, तांदळाची भाकरी मिळे, कागद मात्र फारसं कुणी हातात धरत नसे. चार महिन्यांत वीस सह्या. हव्या होत्या दीडशे.

तिचं जेवण कमी झालं, झोप उडाली. रखमाजींनी ते बघितलं. "मी जातो वाडीवर," ते म्हणाले. "तू तुजं वॉर्ड बघ."

पंधरा दिवसांत त्यांनी सह्यांचा गठ्ठा आणून टेबलावर ठेवला. अख्ख्या वाडीने सही केलेली. सारिकाने विचारायला हवं होतं, की आबा, चार महिन्यांत माझ्याने झालं नाही ते तुम्ही पंधरा दिवसांत कसं केलंत? तिने विचारलं नाही. उत्तराचीच भीती होती. प्रत्येक कागदाच्या तळाशी एक ओळ होती: 'वरील मजकूर मी स्वतः वाचून व समजावून सांगितला आहे.' त्याखाली डॉक्टरची सही. एका संध्याकाळी बसून तिने सगळ्या कागदांवर आपल्या सह्या ठोकून दिल्या. मग वाडीवर जाऊन पहिलं रक्त काढलं. लोकांनी निमूट हात पुढे केले.

भात कापून झालं. दुसऱ्यांदा रक्त काढायला ती वाडीवर गेली, तेव्हा आढाव्याला आठच दिवस उरले होते. आईची भावजय विठामामी ओट्यावर बसली होती. हात पुढे करता करता तिने सहज विचारलं, "सारे, कारड कवा मिळनार गं?"

"कसलं कार्ड, मामी?"

"दवाखान्याचं. फुकाट आपरेशनचं. दाजी म्हनालं ना, सही केली की डॉक्टरीनबाई कारड देती. आमी म्हनलं, जावयाचा शबूद हाय, मोडायचा कसा?"

सारिकाच्या हातातली सुई तशीच राहिली. तिने हळूच विचारलं, "मामी, हे रक्त पाच वर्षं साठवून ठेवणार आहोत, हे सांगितलं का तुम्हाला कुणी?"

विठामामीने हात मागे घेतला. "साटवनार? कशापायी?"

त्या दिवशी सारिकाने कुणाचंच रक्त काढलं नाही. घाटाच्या तोंडाशी मुंबईच्या गाड्यांची रांग लागली होती आणि तीत अडकून ती एकच विचार करत राहिली. वाडीला पुन्हा कुणी फसवू नये म्हणून ती कागद घेऊन गेली होती, आणि दुसऱ्यांदा फसवणारी तीच निघाली. सांगितलं तर योजना जाणार, नोकरी जाणार, आबांची त्या वाडीत छी थू होणार. नाही सांगितलं तर कुणाला कळणारही नाही. कागद चोख होते. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली.

घरी रखमाजी शेंगा निवडत बसले होते. तिने विचारलं आणि त्यांनी काहीही लपवलं नाही.

"व्हय, बोललो खोटं. तुजी नोकरी जाईल म्हनून बोललो."

"आबा, त्या लोकांना सहीची किती धास्ती आहे, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"मलाबी धास्ती हाय!" रखमाजी एकदम ओरडले. मग आवाज खाली आला. "तुजी आई गेली तवापासनं मला एकच भ्या. तुजंबी काय तरी व्हईल. तू जेवत न्हाईस, झोपत न्हाईस. मी काय करू? मला इंग्रजी येत न्हाई, अर्ज येत न्हाई. जावई म्हनून वाडीत मान हाय, त्यो वापरला."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. सारिकाला रागावताही येईना. आबांनी खोटं सांगितलं होतं, पण 'वाचून दाखवलं' म्हणून केलेली सही तिची होती.

तिने जैनब मॅडमना फोन लावला. काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"आजच्या आज एथिक्स कमिटीला लिही," त्या म्हणाल्या. "तुझी सहीही खोटी होती, हे त्यात यायला हवं. काढलेलं रक्त वापरायचं नाही. आणि वाडीवर जाऊन लोकांना खरं सांग."

"मॅडम, योजना राहील का?"

"मी तुझ्या बाजूने बोलेन. राहीलच असं सांगत नाही. माझाही दोष आहे. एवढ्या सह्या इतक्या पटकन आल्या, मी विचारायला हवं होतं."

संशोधनावर लक्ष ठेवणाऱ्या त्या कमिटीला पत्र पाठवताना बटण दाबायला सारिकाला अर्धा तास लागला.

रविवारी सकाळी वाडीच्या शाळेच्या पडवीत माणसं जमली. रखमाजी धुतलेली टोपी घालून आले होते. वाटेत ते तीनदा म्हणाले होते, "मीच सांगतो." पण उभे राहिल्यावर ते टोपीच चाचपत राहिले. सारिकाला वाटलं, आपणच बोलावं. तेवढ्यात ते बोलले. "कारड न्हाई. मी लबाड बोललो. लेकीला ठावं नव्हतं." एवढंच बोलून ते खाली बसले. कुणी शिवी दिली नाही, कुणी उठून गेलं नाही. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं सारिकाला वाटलं. सगळे नुसते जावयाकडे बघत होते.

मग तिने तिन्ही पानं वाचली. रक्त दोनदा काढणार, पाच वर्षं साठवणार, कार्ड मिळणार नाही, पैसे मिळणार नाहीत. नको म्हणायचा हक्क आहे. नको म्हणाल त्याचं काढलेलं रक्त नष्ट करू. आणि खाली 'वाचून दाखवलं' म्हणून जी सही आहे, ती माझी आहे आणि ती खोटी होती. हे सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की मागून कुणीतरी म्हणालं, "मोट्यानं बोल, बाय." तिने ते वाक्य पुन्हा, मोठ्याने म्हटलं.

दुपारपर्यंत माणसं एकेक करून तिच्यासमोर येत राहिली. काहींनी नव्याने सही केली. बहुतेकांनी नाही केली.

विठामामी सगळ्यांत शेवटी आली. तिने कागद हातातही घेतला नाही.

"माजं रगात टाकून दे. सही न्हाई करायची."

"बरं, मामी."

"पन ह्यो ताप आला, डाग दिसला, तर तुज्याकडं आलं तर चालंल ना? सही न्हाई केली तरी?"

"चालेल की. सहीचा आणि औषधाचा काही संबंध नाही."

विठामामी निघाली, दोन पावलं गेली आणि थांबली. "तू आसशील ना पन तितं? दुसऱ्या डॉक्टरला न्हाई म्या कंबर दावनार."

सारिकाने आबांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. आढावा शुक्रवारी होता. "असेन" एवढा एकच शब्द म्हटला असता, तर म्हातारी निश्चिंत घरी गेली असती.

"माहीत नाही, मामी," सारिका म्हणाली. "खरंच माहीत नाही."

विठामामी ती दोन पावलं परत आली. मग तिने आजूबाजूला दुसरा कुणी पुरुष नाही ना ते बघितलं, रखमाजींना हाताने दूर जायची खूण केली, सारिकाला शाळेच्या खोलीत नेलं आणि दार लोटलं.

"मंग आत्ताच दाव मला," ती पदर खोचत म्हणाली. "कुटं बघायचा आन् कसा वळखायचा, समदं दाव. तू नसलीस तर माजं मला कळाया होवं."