माणसांची की मालाची?

करवत चालवताना भुसा किती पडतोय, याकडे सुताराचं लक्ष नसतं. काम संपवून उठावं, तर पाय घोट्यापर्यंत बुडालेले! आमच्या मुरबाडच्या मोटारस्टँडवरच्या गोष्टींचं तसंच झालंय. एक सांगायला घेतली की दहा पायाला चिकटतात. पण आज एकाच मोटारीचं सांगतो.

दुसरी मोठी लढाई सुरू होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायला लागल्या होत्या. मी बैलगाड्या करणारा सुतार. माझा शेजारी पांडूदादा गाडीवान. त्याने दोन्ही बैलजोड्या विकल्या आणि कल्याणहून एक जुनी मोटार घेतली. मोटार म्हणजे इंजिन, चाकं आणि स्टिअरिंग. वर काही नाही! वरची लाकडी बॉडी मी करायची होती. माणसं बसवायची मोटार करायची, की माल न्यायची लॉरी, हे पांडूदादाने ठरवायचं. माझ्याकडे सुकलेला साग एकाच बॉडीपुरता होता. चुकलं, तर बैलही गेले आणि मोटारही गेली.

* * *

उस्मानचाचा ड्रायव्हर ती कल्याणहून घेऊन आला, तो एका खोक्यावर बसून. धुळीने इतका माखला होता की आधी आम्ही त्याला ओळखलंच नाही.

पांडूदादाची बायको भागीवहिनी हळदकुंकू घेऊन पुढे आली. बैलगाडीला कुंकू कुठे लावायचं ते तिला ठाऊक होतं. इथे तिने सगळीकडून बघितलं आणि पुढच्या जाळीवर बोट टेकलं. अठरा-वीस मैल चालून आलेलं इंजिन ते!

"आई गो! ताप आलाय हिला!"

गल्लीतल्या एका म्हाताऱ्याने मोटारीभोवती काठी टेकत एक फेरी मारली आणि शांतपणे विचारलं, "पांडू, बाकीची कदी येनार रे?"

सगळे हसले. पांडूदादा हसला नाही. त्या दिवसापासून तो जेवायचा कमी आणि विचारायचा जास्त.

* * *

विचारायचा म्हणजे कोणालाही. चहाच्या टपरीवर एक जण म्हणाला, "मानूस आपला आपन चढतो, आपला आपन उतरतो. पोत्याला हमाल लागतो."

पांडूदादा धावत माझ्याकडे. "भिवा, मानसांची कर!"

मी गेरूचा दोरा मारून फळीवर कापायची रेघ पाडली. तासाभराने परत हजर.

"थांब, थांब! तो वैशाखरे गावचा पाव्हना काय म्हनतो ऐक. म्हनतो, पोतं वाटेत ओकत नाय!"

मी दुसरी रेघ पाडली. संध्याकाळपर्यंत एका फळीवर सात रेघा झाल्या. उस्मानचाचाने ती फळी उचलून उजेडात धरली.

"सुतार, कोणाची जन्मपत्रिका मांडलीस?"

"मोटारीची," मी म्हणालो. "मुलगा की मुलगी, तेच ठरंना."

* * *

शेवटी मी म्हटलं, अंगणात बाक मांडू, माणसं बसवून बघू. पांडूदादाला पटलं. पण त्याचा जन्म गेला दोन चाकांच्या गाडीवर. तिथे ओझं मागे जास्त झालं की गाडी उलाळ होते, म्हणजे बैलांसकट पुढचा भाग वर उचलला जातो. त्यामुळे वजन थोडं पुढे हवं, ही खूणगाठ त्याने मोटारीलाही लावली.

शेजारपाजारची माणसं बसायला आली. हा एकेकाला खालून वर निरखून सांगू लागला, "तू मागं. तू मागं. काकू, तुमी पुडं!"

"का रे? मी का पुडं?"

"तुमी जड!"

काकू उठल्या आणि ज्या गेल्या, त्या दोन वर्षं त्याच्याशी बोलल्या नाहीत. त्यांची वहिनीशी जुनी मैत्री. वहिनीचं तोंड एवढंसं झालं.

"अवो, निदान बारीक आवाजात तरी सांगायचं!"

* * *

उस्मानचाचाचं मत कोणी विचारलंच नव्हतं. एके दुपारी मीच विचारलं. तो चाकाशी बसून ब्रेकची तार आवळत होता.

"मी आधी माणसांची मोटार चालवायचो," तो म्हणाला. "एकदा उतारावर ब्रेक लागला नाही. पुढे शेत होतं म्हणून वाचलो. पण मागून ज्या हाका आल्या ना सुतार, अजून ऐकू येतात."

"मग मालाची करायला सांगू?"

"सांग. पोतं मला हाक तरी मारणार नाही."

मी ते जेवायला बसलेल्या पांडूदादाला सांगितलं. त्याने ताट पुढे सरकवलं आणि हात धुतला. पहिला घास अजून ताटातच होता.

* * *

मालाची करायची ठरली. मी बाजूच्या उंच फळ्या ठोकल्या. तेवढ्यात शहापूरहून बातमी आली, सरकार लढाईसाठी लॉऱ्या धरून नेतंय!

"काढ! काढ त्या फळ्या! बाक लाव!"

मी फळ्या काढल्या, बाक लावले. चार दिवसांनी दुसरी बातमी. लॉऱ्या नाही, माणसांच्या मोटारी नेतात. सोल्जर काय पोत्यावर बसणार?

"भिवा, बाक काढ!"

मी बाक काढले. खरं-खोटं कोणालाच माहीत नव्हतं. पण रस्त्यावर खाकी टोपी दिसली की पांडूदादा मोटारीवर गवताचे भारे टाकायचा. एकदा असाच घाईघाईने मोटार झाकून तो दारात उभा राहिला. खाकी टोपी सरळ दाराशी आली. पोस्टमन होता!

"पांडूदादा, गवत विकायचंय का?" त्याने विचारलं. "चाकं लावलीत म्हणून म्हटलं."

* * *

तेव्हा मला एक गोष्ट सुचली. बाकांना बिजागऱ्या लावायच्या. उघडले की माणसांची, बाजूला मिटवले की मालाची! सगळं स्टँड बघायला आलं. पांडूदादाने कितीतरी दिवसांनी पोटभर भाकरी खाल्ली.

मोटार पास करायला ठाण्याला नेली. तिथला मोटारी तपासणारा साहेब भला माणूस होता. त्याने बाक उघडून बघितले, मिटवून बघितले.

"ही माणसांची की मालाची?"

"साहेब, सकाळी मानसांची, दुपारी मालाची."

"आणि कागदावर?"

पांडूदादा माझ्याकडे बघायला लागला.

"कागदाला बिजागरी नसते," साहेब म्हणाला. "आठ दिवसांनी या. पण ठरवून या. एकदा लिहिलं की लिहिलं."

परत येताना तो वाटभर बोटांवर दिवस मोजत होता.

* * *

त्या आठ दिवसांत धसईचा बाजार आला. पांडूदादाने मनाशी मालाचं धरलं होतं. बाक मिटवले, तिथे भाताची पोती भरली, वर तो आणि मी; बायकांना जागा उरली नाही. परतताना धसई सोडून मैलभर आलो, ओढा ओलांडला आणि पुढच्या चढणीवर कोळशाच्या गॅसचा दम संपला. मोटार थांबली. मग हळूच मागे यायला लागली.

"चाचा, ब्रेक!"

"दाबलाय रे! दोन्ही पायांनी दाबलाय!"

मी खाली उडी मारली. खाली ओढ्याचे खडक दिसत होते. पांडूदादा मात्र वरच बसून राहिला, दोन्ही हातांनी पोत्याला धरून. "हो... हो राजा, हो..." असं बैलांना म्हणावं तसं मोटारीला म्हणत होता.

"दादा, उतर!"

"नाय उतरत. ही गेली तं मी पन गेलो!"

बाजार करून पायी परतणाऱ्या बायका मागून येत होत्या. त्यांत भागीवहिनी. तिने डोक्यावरची टोपली तिथेच टाकली. वांगी उतारावरून घरंगळत गेली.

"दगड लावा गो! मोटा बगा!"

दोन्ही मागच्या चाकांशी दगड पडले. मोटार अडली, पण दगड सरकत होते. वहिनीने पदर खोचला आणि मागच्या फळीला खांदा लावला. तिच्या बाजूला दुसरी, मग तिसरी. मीही लागलो. पंधरा-वीस बायका असतील. चाचाने गिअर टाकला. मोटार खोकली आणि वीतभर वर गेली. एकीने लगेच दगड पुढे सरकवला. मग आणखी वीतभर. असं करत ती चढण संपली.

वर सपाटीला आल्यावर पांडूदादा खाली उतरला. तो उतारावर मागे गेला, एकेक वांगं वेचलं, धोतराला पुसलं आणि वहिनीच्या टोपलीत ठेवलं. मग येऊन त्याने स्वतःच पहिलं पोतं खाली ओढलं.

"भिवा, बाक उघड."

बायका बसून गेल्या. पोती रस्त्याच्या कडेला राहिली आणि ती राखायला मी.

आठवा दिवस उजाडला. साहेबाने पेन उघडलं.

"बोला. माणसांची की मालाची?"

"मानसांची."

"मागच्या खेपेला तर तोंडातून शब्द फुटत नव्हता. आता एवढं पक्कं कसं झालं?"

पांडूदादाने टोपी काढून हातात घेतली.

"साहेब, पोती उतरून धक्का देत नायत."