बागेतल्या पाट्या

ऑफिसात तिला सगळे मिस्तरीणबाई म्हणायचे. नवे गेम सुचणारी मंडळी वेगळी, त्यातली चित्रं काढणारी वेगळी. हिच्या वाट्याला आलेलं काम म्हणजे बंद पडलेलं चालू करणं. कुणाच्या फोनवर गेम उघडता उघडता धाडकन बंद पडला, की त्याचा अहवाल हिच्या पडद्यावर यायचा. मग ही खुर्ची पुढे ओढून, ओठ मिटून, ओळीमागून ओळ वाचत बसायची. अकरा वर्षं हेच. लग्नाचं विचारणाऱ्या मावशीला ती म्हणायची, "मावशी, आधी लोकांचे कोसळलेले गेम तर उभे करू दे, मग माझा संसार."

जिभेने तिखट होती बाई. साहेबांनाही सोडायची नाही. दोन वर्षं त्यांच्या मागे तिचं एकच टुमणं होतं, की बागेच्या गेममधली लायब्ररी जुनी झालीये, ती बदलू द्या. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणीतरी लिहून ठेवलेला तयार कोड. सगळंच स्वतः लिहायला वेळ कुणाला आहे? चित्रं उघडायला एकाचा कोड घ्यायचा, लिहिलेलं साठवायला दुसऱ्याचा, आणि त्यावर आपला गेम उभा करायचा. पण लिहिणाऱ्यानेच त्याच्याकडे बघणं सोडलं, तर तो कोड जागच्या जागी जुना होत जातो, आणि फोन मात्र दरवर्षी पुढे पळत असतात. साहेबांचं उत्तर ठरलेलं. "चालतंय ना? मग कशाला हात लावतेस?"

आता या बागेच्या गेममध्ये तिचा जीव का अडकला होता, ते सांगायला हवं.

गेम साधासुधा होता. बी पेरायचं, पाणी घालायचं, झाड वाढवायचं. प्रत्येक झाडाला एक छोटी पाटी असायची आणि तिच्यावर हवं ते लिहिता यायचं. तिची आई आजारी पडली, अंथरुणाला खिळली, तेव्हा वेळ जावा म्हणून हिनेच तो गेम आईच्या फोनवर घालून दिला. आईने आयुष्यात कधी गेम खेळला नव्हता. "हे काय गं पोरखेळ," म्हणाली, आणि शेवटच्या सहा महिन्यांत एकशे बारा झाडं लावून बसली. प्रत्येक झाडाच्या पाटीवर दोन-चार ओळी. काय लिहितेस म्हणून विचारलं, तर फोन छातीशी धरून म्हणायची, "मी गेल्यावर वाचा."

आई गेली. फोन बाबांकडे आला. बाबा निवृत्त मुद्रितशोधक. छापखान्यात चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढल्या, त्यामुळे माणूस शब्दाला पक्का. औषधाच्या खोक्यातला कागददेखील पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणार आणि लिहिलंय अगदी तस्संच करणार. त्यांनी नियम घातला. झाडांना रोज सकाळी पाणी, आणि पाटी मात्र आठवड्याला एकच, रविवारी. "सगळ्या एका बैठकीत वाचून काढल्या तर पुढे काय करू मी?" असं त्यांनी तिला एकदा विचारलं होतं. दर रविवारी ते तिला फोन करायचे, "ये की, आजची पाटी दोघं मिळून वाचू." ती म्हणायची, "बाबा, आज फार काम आहे, पुढच्या रविवारी नक्की." असे एकाहत्तर रविवार गेले. खोटं कशाला बोला, काम नेहमीच नसायचं. आईची अक्षरं समोर आली तर आपलं काय होईल, याची तिला धास्ती वाटायची.

आणि एका सोमवारी फोन चालवणारी नवी प्रणाली सगळीकडे पोचली, आणि बागेचा गेम पटापट मान टाकायला लागला. दुपारपर्यंत चारशे अहवाल. ज्याच्या त्याच्या फोनवर तेच. गेम उघडायचा, हिरवा पडदा दिसायचा आणि खेळ खलास. तिने दहा अहवाल शेजारी शेजारी लावले. दहाही एकाच ओळीशी थांबले होते. पाट्यांवरचा मजकूर वाचणारी ती जुनी लायब्ररी! नव्या प्रणालीने तिला दारातच अडवलं होतं.

"बोला साहेब, आता लावू का हात?" ती म्हणाली. साहेबांनी मान खाली घातली.

बदलायला गेली तर एकीला धरून तीन निघाल्या. नवी लायब्ररी घातली, तर तिला चित्रांची लायब्ररीही नवी हवी. ती घातली, तर आवाजाची रुसली. मंगळवारी संध्याकाळी एकदाचं सगळं जुळलं, गेम उघडला, आणि दुसऱ्या मिनिटाला पुन्हा कोसळला. बुधवारचा अख्खा दिवस तिने कपाळ धरून काढला. शेवटी सापडलं. जाहिराती दाखवणारा कोडचा एक तुकडा त्या जुन्या लायब्ररीला मागच्या दाराने परत आत आणत होता. पुढून हाकललेली बया मागून येऊन खुर्चीत बसलेली! तिला इतका राग आला, की ती एकटीच मोठ्याने हसली.

बाबांची आठवण तिला सोमवारीच झाली होती. फोन करून सांगावं, की बाबा, गेम उघडणार नाही, तुम्ही कशालाही हात लावू नका. मग वाटलं, संध्याकाळी सांगू. मंगळवारी वाटलं, दुरुस्त करूनच आनंदाची बातमी देऊ. एवढंच. एवढ्याशा आळसाला माणूस जन्मभर रडतो.

गुरुवारी चार वाजता दुरुस्त केलेला गेम बाहेर पडला. त्यात तिने गुपचूप आणखी एक गोष्ट केली होती. चार दिवस पाणी मिळालं नाही तर झाडं वाळतात, असा गेमचा नियम. तिने बंद पडलेले दिवस त्यातून वजा करून टाकले. एकही झाड वाळायला नको होतं. खरोखरच्या समाधानाने तिने बाबांना फोन लावला.

"बाबा, झाली बरं का तुमची बाग! उघडा आता."

"उघडली गं," बाबा म्हणाले. आवाज कसातरीच होता. "उघडते, बंद पडत नाही. तू जरा येतेस का?"

ती तशीच निघाली. बाबा खिडकीपाशी टेबलाला बसले होते, चष्मा कपाळावर. फोन समोर. गेम छान चालत होता, पाण्याचा आवाजसुद्धा येत होता. पडद्यावर तपकिरी मोकळी जमीन, कोपऱ्यात एक झारी, आणि वर पाटी : 'तुमचं पहिलं झाड लावा.'

"झाडं कुठे गेली?" बाबांनी विचारलं.

"बाबा, काय केलंत तुम्ही?"

"मी कुठे काय केलं? तीन दिवस पाणी नाही, झाडं वाळतील म्हणून जीव नुसता वर-खाली. कामाच्या वेळेत तुला कशाला त्रास द्यायचा? म्हणून तुमच्या कंपनीलाच लिहिलं. लगेच उत्तर आलं. अगदी सांगितलं तसंच केलं बघ."

त्यांनी एक कागद पुढे केला. उत्तर त्यांनी स्वच्छ अक्षरात उतरवून घेतलं होतं आणि प्रत्येक पायरीपुढे पेन्सिलने बरोबरची खूण होती. गेम फोनमधून काढून टाका. खूण. फोन बंद करून चालू करा. खूण. गेम पुन्हा घाला. खूण. खाली शेवटची ओळ : 'घाबरून जाऊ नका, काही जाणार नाही.'

तिने ते पुन्हा एकदा वाचलं. ते उत्तर तिचंच होतं. बारा वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्या वर्षी, लोकांच्या तक्रारींना उत्तरं द्यायला तिला बसवलं होतं तेव्हा लिहिलेलं. तेव्हा बागेत पाट्या नव्हत्या, जपून ठेवण्यासारखं काहीच नव्हतं. पुढे पाट्या आल्या, सगळा मजकूर फोनमध्येच राहायला लागला, गेम काढला की तोही जाणार. पण ते उत्तर कुणी बदललं नाही. 'गेम उघडत नाही' असं लिहिणाऱ्या प्रत्येकाला ते आपोआप जात राहिलं. जगाची जुनी लायब्ररी शोधत फिरणाऱ्या बाईला स्वतःचं जुनं वाक्य दिसलं नाही.

तासभर तिने फोन उलथापालथा केला. शोधण्यासारखं जिथे जिथे होतं, तिथे शोधलं. काही नव्हतं.

"बाबा," ती रडत म्हणाली, "ते उत्तर मी लिहिलंय. माझ्यामुळे गेली आईची बाग."

"तू लिहिलंस ते कळलं होतं मला," बाबा म्हणाले. "अगं, चाळीस वर्षं लोकांची वाक्यं तपासली, माझ्या लेकीचं वाक्य ओळखणार नाही? 'घाबरून जाऊ नका, काही जाणार नाही.' आईच्या आजारपणात रोज फोनवर हेच म्हणायचीस. म्हणून तर लगेच केलं. नाहीतर तुला विचारल्याशिवाय मी हात लावला असता का?"

ती टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. बाबांनी तिला रडू दिलं. मग कागद उलटा केला आणि पेन्सिल तिच्या हातात दिली.

"एकेचाळीस पाट्या न वाचताच गेल्या, त्या गेल्या. आता काही त्या मिळायच्या नाहीत," ते म्हणाले. "पण वाचलेल्या एकाहत्तर मला पाठ आहेत. मी सांगतो, तू लिही. मलाही विसरायला होईल कधीतरी."

तिने डोळे पुसले. बाबांनी चष्मा खाली घेतला, जणू समोर पाटी होती.

"पहिलं झाड. 'लेकीने आज फोनवर बाग घालून दिली. मला म्हटलं, जमणार नाही गं, बिघडवून ठेवीन. तर म्हणाली, बिघडू दे, मी आहे ना.'"

तिने 'लेकीने आज' एवढं लिहिलं. पुढचं तिला लिहिता येईना, आणि बाबा पेन्सिल हलायची वाट बघत बसून राहिले.