निवळलेलं पाणी

काचेच्या नळीत माशांच्या टाकीतलं पाणी घेतलं आणि तपासणीचे थेंब टाकले. हिरवट दिसायला हवं होतं, पण पुन्हा पिवळंच झालं. पाणी आंबटलंय, निम्मं बदलूनही. धाकटा भाऊ गेला. त्याचे एवढे मासेच मागे राहिलेत, आणि तेही आता वर येऊन तोंड उघडताहेत. काल पाणी गढूळ दिसलं म्हणून आईने त्यात तुरटी फिरवली, पिण्याच्या हंड्यात फिरवते तशीच मायेने. त्या तुरटीनेच पाणी आंबटलं. इतकं नितळ पाणी, आणि त्यात जगता येऊ नये?

आई टाकीपाशी येऊन उभी राहिली.

"बघ, तळ दिसायला लागला. आता जगतील ना रे?"

मी नळी मुठीत झाकली. तळ खरंच स्वच्छ दिसत होता.