विमानाच्या पंखाची शिलाई

धंतोलीत माझं शिलाईचं दुकान आहे. आजूबाजूला दवाखानेच दवाखाने, म्हणून नर्सचे गणवेश, डॉक्टरांचे कोट, ऑपरेशनच्या हिरव्या चादरी, हेच माझं काम. एकदा आमच्या गल्लीतले एक गृहस्थ दुकानात आले. हवाई दलात मेकॅनिक होते, आता निवृत्त. सगळे त्यांना भाऊ म्हणतात.

"ताई, हातानं शिवायचं एक काम आहे. मशीनवर होत नाही."

"काय शिवायचं आहे?"

"विमानाचा पंख."

मला वाटलं, थट्टा करून राहिले. पण त्यांच्या घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये खरंच विमान होतं. लहानसं, दोन माणसांचं. कुणीतरी हौसेनं बांधायला घेतलेलं आणि अर्ध्यावर सोडलेलं. भाऊंनी ते ट्रकमध्ये घालून आणलं होतं, आणि चार वर्षं त्याचा एकेक भाग खोलून, घासून नवा करत होते. वाळवीनं खाल्लेल्या लाकडी पट्ट्या त्यांनी बदलल्या होत्या. पंखाच्या सांगाड्यावर कापड चिकटवून, इस्त्री फिरवून ताठ केलं होतं. आता ते सांगाड्याच्या प्रत्येक फासळीला दोऱ्यानं बांधायचं होतं, नाहीतर हवेत फुगून सुटण्याची भीती.

घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, "काहून नसती जबाबदारी घेऊन राहिली वं? उद्या काही झालं तर?"

मलाही तेच वाटत होतं. कोटाची शिवण उसवली तर गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येतं. इथे कोण येणार होतं? तरी मी गेले. इतक्या वर्षांत कुणी मला नवं काम दाखवलं नव्हतं.

दर रविवारी पंख उभा करायचा. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला भाऊ. हातभर लांब सुई मी आरपार घालायची, ती त्यांनी धरून फासळीच्या पलीकडून परत पाठवायची. दोऱ्याला मेण लावलेलं. आमचं बोलणंही तेवढंच. "दिसली?" "थोडी खाली घ्या." "आता बरोबर."

तिसऱ्या रविवारी भाऊ शिवलेल्या ओळीवरून बोट फिरवता फिरवता थांबले.

"ताई, ही गाठ सरकून राहिली."

मी पाहिलं. गाठीचा दुसरा वेढा मी उलटा घेतला होता, आणि एकाच ओळीत नाही, त्या दिवशी शिवलेल्या दोन्ही ओळींत.

"उसवा लागते," ते शांतपणे म्हणाले.

दुकानातल्या मुलींना हे मी रोज सांगते, आणि त्या तोंडं वाकडी करतात. माझंही झालं असावं, कारण भाऊंच्या बायकोनं आधी चहा आणून ठेवला. मग मी दोन्ही ओळी उसवल्या. त्यानंतर मात्र हाताला गाठ कळली.

रंग द्यायच्या आधी तपासणीचे अधिकारी आले. त्यांनी गाठी ओढून पाहिल्या आणि विचारलं, "हे कुणी केलं?" भाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "कुठे शिकलात?" मी म्हटलं, "इथेच, या शेडमध्ये." त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

परवानग्यांत बरेच महिने गेले. शेवटी एका छोट्या धावपट्टीवर एका अनुभवी वैमानिकानं विमान उडवलं. आम्ही सगळे जीपनं गेलो होतो. चाकं जमिनीवरून सुटली तेव्हा माझ्यानं वर पाहवेना, म्हणून मी भाऊंकडे पाहिलं. तेही वर पाहत नव्हते. मान खाली घालून इंजिनाचा आवाज ऐकत होते.

दहा मिनिटांनी विमान उतरलं. वैमानिक म्हणाले, "जरा डावीकडे ओढतं."

"म्हणजे अजून काम आहे," भाऊ म्हणाले, आणि मला ते फार खूश दिसले.

सावलीत सतरंजी टाकून आम्ही पुरी-भाजी खाल्ली. माझा नवरा नुसतं बघायला आलो म्हणत होता, पण विमानाभोवती दोनदा फिरून आला.

"दोन जण बसतात ना गा याच्यात?" त्यानं भाऊंना विचारलं.

"बसतात. पण चाचण्या संपू द्या."

"मग हिले बसवा पहिले."

थंडीत मी बसले. खाली कापणी झालेली धानाची शेतं, मधे तलाव, आणि एका बांधावर कुणीतरी हात हलवत होतं. मीही हात हलवला. त्याला दिसला नसेल. उतरल्यावर नवऱ्यानं विचारलं, "कसं वाटलं?"

"वर स्वेटर लागते," मी म्हटलं.